सातबारा शहराच्या नावावर, तरी कुलूप लावता येईना: सांता मोनिकाच्या विमानतळाची गोष्ट

नागपुरात वाढलेल्या माणसाला ‘डाकोटा’ हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळी उशिरा टपालाची विमानं निघायची. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं नागपूरच्या सोनेगावला उतरायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतायची. दिल्लीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत मिळायचं ते यामुळे. ती विमानं सुरुवातीला डाकोटा होती. या डाकोटाचा नागरी अवतार म्हणजे ‘डीसी-३’, आणि ते पहिल्यांदा जिथून आकाशात चढलं तो विमानतळ अजून जागेवर आहे. मात्र आता त्याचे दिवस मोजलेले आहेत. ३१ डिसेंबर २०२८ नंतर तो बंद करायला शहर मोकळं आहे.

हा विमानतळ अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका या शहरात आहे. लॉस एंजेलिसला खेटून, पॅसिफिक महासागराच्या काठी वसलेलं हे नव्वद हजारांच्या आसपास वस्तीचं शहर, म्हणजे आपल्या हिशेबानं तालुक्याचं मोठं गाव. विमानतळाची जागा २२७ एकर. मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स साधारण २११ एकरांचं आहे, त्यावरून अंदाज येईल. एवढ्या जागेत एकच धावपट्टी, काही हँगर, उड्डाणशाळा आणि एक छोटं विमान संग्रहालय. ही जमीन शहराच्या मालकीची आहे. तरीही हा विमानतळ बंद करायचा म्हटल्यावर शहराला अनेक दशकं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. स्वतःच्या जमिनीवरचा विमानतळ स्वतःला बंद करता येत नाही, हे कोडं मला बरीच वर्षं नीट उलगडलं नव्हतं. ते उलगडायचं तर थोडं विमानशास्त्र, थोडा कायदा आणि बराचसा इतिहास एकत्र बघावा लागतो.

आधी एक शब्द समजून घेऊ: जनरल एव्हिएशन. रस्त्यावरून एसटी बस काढून टाका, लष्कराच्या गाड्या काढून टाका. मग जे उरतं, म्हणजे दुचाकी, मोटारी, रुग्णवाहिका, ट्रॅक्टर, ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, शेठजींची आलिशान मोटार, त्या सगळ्यांना मिळून एक नाव दिलं तर ते आकाशातलं ‘जनरल एव्हिएशन’. वेळापत्रकानं धावणारी प्रवासी विमानं आणि लष्करी विमानं सोडून बाकी सगळं यात येतं. चार आसनी विमानावर हात बसवणारी विद्यार्थिनी यात आहे, प्रत्यारोपणासाठी अवयव घेऊन जाणारं विमान आहे आणि उद्योगपतीचं खासगी जेटही आहे. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढच्या भांडणाची मुळं तिथे आहेत.

दुसरी गोष्ट मालकीची. आपल्याकडे बहुतेक विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे, म्हणजे केंद्राचे. अगदी जुहूचा जुना विमानतळसुद्धा. अमेरिकेत तसं नाही. तिथे विमानतळ बहुधा शहराचा, परगण्याचा किंवा खास नेमलेल्या स्थानिक मंडळाचा असतो. १९२० च्या दशकात विमान हे नवलाचं वाहन होतं आणि आपल्या गावात ते उतरावं म्हणून गावोगाव चढाओढ लागली होती. सांता मोनिकाच्या पूर्व टोकाला एक मोकळं रान होतं, पहिल्या महायुद्धाच्या काळापासून वैमानिक तिथे उतरत. फ्रान्समध्ये त्या युद्धात मरण पावलेल्या ग्रीयर क्लोव्हर या तरुण वैमानिकाचं नाव त्याला दिलं गेलं: क्लोव्हर फील्ड. १९२६ साली मतदारांनी कर्जरोख्यांना मंजुरी दिली आणि शहरानं ती जमीन विकत घेतली. म्हणजे लोकांनी स्वतः पैसे मोजून विमानतळ आणला.

लाकडी पंखांपासून डीसी-३ पर्यंत

या रानाचं भाग्य उजळलं ते डोनाल्ड डग्लस या अभियंत्यामुळे. १९२२ मध्ये त्यानं सांता मोनिकातल्या विल्शायर मार्गावर सिनेमाचा एक ओस पडलेला स्टुडिओ घेतला आणि तिथे विमानं बांधायला लागला. विमानं तिथे तयार व्हायची, पण उडवायला क्लोव्हर फील्डवर न्यावी लागायची. अमेरिकन लष्कराला विमानानं पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. त्यासाठीची ‘वर्ल्ड क्रूझर’ विमानं डग्लसनं बनवली. एकच इंजिन, उघडी कॉकपिट, दोन माणसं. चाकं काढून तरंगे बसवायचे की विमान पाण्यावर उतरायचं, तरंगे काढून चाकं लावली की जमिनीवर.

१९२४ च्या मार्चमध्ये ही विमानं क्लोव्हर फील्डवरून सिएटलला गेली आणि ६ एप्रिलला तिथून चार विमानांची मोहीम अधिकृतपणे सुरू झाली. नावं होती ‘सिएटल’, ‘शिकागो’, ‘बोस्टन’ आणि ‘न्यू ऑर्लिन्स’. ‘सिएटल’ अलास्कात डोंगरावर आदळलं. ‘बोस्टन’ला अटलांटिकनं गिळलं. दोन्ही वेळा माणसं वाचली. उरलेली दोन विमानं २८ सप्टेंबरला सिएटलला परतली: १७५ दिवस, ४२ हजार किलोमीटरांहून जास्त अंतर. विमानानं पृथ्वीला घातलेली ती पहिली प्रदक्षिणा.

या प्रवासाचा एक मुक्काम आपल्याकडे होता. आग्नेय आशियातून येताना समुद्र आणि खाड्यांवर उतरत आलेली ही विमानं कलकत्त्याला हुगळीच्या पाण्यात उतरली. पुढचा सगळा रस्ता जमिनीवरून, म्हणून तिथे त्यांचे तरंगे काढून चाकं बसवली गेली. मग अलाहाबाद, अंबाला, मुलतान करत ती कराचीकडे निघाली आणि कराची यायच्या आधी ‘न्यू ऑर्लिन्स’च्या इंजिनानं दगा दिला. कसंबसं ते पोचलं आणि कराचीत त्याला नवं इंजिन बसलं. शंभर वर्षांपूर्वी हुगळीकाठी चाकं लावलेलं ते ‘न्यू ऑर्लिन्स’ आज सांता मोनिकाच्या विमानतळालगतच्या संग्रहालयात आहे. त्याच्याजवळ उभं राहून बघितलं तर कापड ताणून बसवलेले पंख, दोन पंखांमधले खांब आणि तारा दिसतात. एवढ्याशा सामानावर माणसं महासागर ओलांडून गेली, हे डोळ्यांनी बघितल्याखेरीज पटत नाही.

१९२९ मध्ये आणखी एक ऐतिहासिक दिवस उगवला. १८ ऑगस्टला इथून महिला वैमानिकांची देश ओलांडणारी शर्यत सुरू झाली, क्लीव्हलँडपर्यंत. स्पर्धकांमध्ये अमेलिया इअरहार्ट होती, पांचो बार्न्स होती. मोठ्या विमानांच्या गटात जिंकली लुईझ थेडन. मार्व्हेल क्रॉसन वाटेत अपघातात गेली. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत ‘बायकांनी हे धंदे बंद करावेत’ असा सूर निघाला, तरी बाकीच्या उडत राहिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महिला वैमानिकांची ‘नाइन्टी-नाइन्स’ ही संघटना स्थापन झाली. तिची पहिली अध्यक्ष इअरहार्ट आणि ती संघटना आजही चालू आहे.

मग आलं डग्लसच्या ‘डीसी’ (डग्लस कमर्शिअल) मालिकेचं पर्व. ते सुरू झालं एका अपघातामुळे. १९३१ मध्ये टीडब्ल्यूए या प्रवासी विमान कंपनीचं एक फोकर विमान कोसळलं. लाकडी पंखाचा सांधा आतून खराब झाला होता. कंपनीला तातडीनं पूर्ण धातूची विमानं हवी झाली. बोइंगकडे तसं विमान होतं, पण त्याची पहिली सगळी तुकडी दुसऱ्याच कंपनीला बांधलेली होती. म्हणून टीडब्ल्यूएच्या जॅक फ्रायनं ऑगस्ट १९३२ मध्ये विमान बनवणाऱ्या कंपन्यांना पत्रं पाठवली. डग्लसलाही एक मिळालं. अट कठीण होती: कंपनी वापरते त्या कुठल्याही विमानतळावरून उडताना एक इंजिन बंद पडलं तरी विमान सुखरूप वर चढलं पाहिजे. पत्रात तीन इंजिनांचं विमान मागितलं होतं. डग्लसच्या माणसांनी सांगितलं, दोन इंजिनांत करून दाखवतो.

१ जुलै १९३३ ला डीसी-१ क्लोव्हर फील्डवरून उडालं. वैमानिक कार्ल कव्हर. विमानानं जमीन सोडली, नाक वर केलं, तोच इंजिनं गचके खायला लागली. कव्हरनं नाक खाली केलं, इंजिनं पुन्हा सुरू. परत चढायला गेला, परत गचके. असं थोडं चढ, थोडं उतर करत, जिना चढावा तसं त्यानं ते विमान पुरेशा उंचीवर नेलं आणि वळसा घालून सुखरूप उतरवलं. नंतर कळलं, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्बुरेटरमधले छोटे तरंगे उलट दिशेनं बसवले होते, त्यामुळे नाक वर झालं की पेट्रोल अडायचं. खाली गावकरी, कामगार, कंपनीचे मालक सगळे बघत होते. डीसी-१ त्या दिवशी पडलं असतं तर डाकोटा झालंच नसतं, असं मला वाटतं.

त्यातून पुढे १४ आसनी डीसी-२ आलं. अमेरिकन एअरलाइन्सला रात्री झोपून जाता येईल असं विमान हवं होतं, म्हणून डग्लसनं त्याचा पिंड रुंद केला. १७ डिसेंबर १९३५ ला, राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला बरोबर ३२ वर्षं झाली त्या दिवशी, डीसी-३ क्लोव्हर फील्डवरून उडालं. झोपायच्या १४ जागा काढून खुर्च्या लावल्या की २१ माणसं बसायची. इथे डीसी-३ च्या यशाचं खरं मर्म आहे. चौदाची एकवीस माणसं झाली, पण विमान चालवायचा खर्च त्या प्रमाणात वाढला नाही. तोवर विमान कंपन्या सरकारी टपालाच्या पैशावर तगून होत्या. प्रवाशांच्या तिकिटांवरच फायदा मिळवता येतो, हे या विमानानं दाखवलं. आज आपण पुण्याहून दिल्लीचं तिकीट काढतो त्या धंद्याचा पाया इथे घातला गेला.

नागरी आणि लष्करी मिळून ही विमानं दहा हजारांहून जास्त बनली. लष्करी आवृत्तीला ब्रिटिशांनी ‘डाकोटा’ नाव दिलं, तेच आपल्याकडे रुळलं. लष्करी विमानं बहुतेक लाँग बीच आणि ओक्लाहोमा सिटीच्या कारखान्यांत बांधली गेली, पण विमान जन्माला घातलं ते सांता मोनिकानं. २७ ऑक्टोबर १९४७ ला पहिल्या शीख बटालियनचे जवान दिल्लीहून श्रीनगरला उतरले ते डाकोटातून. १९४८ च्या मे महिन्यात हवाई दलाचे मेहर सिंग यांनी लेहच्या कच्च्या धावपट्टीवर विमान उतरवलं तेही डाकोटाच. तिथवर जाणारा नीट नकाशाही तेव्हा नव्हता.

संग्रहालयाच्या बाहेर एक डीसी-३ उभं केलेलं आहे. डाकोटाची ठेवण बघण्यासारखी असते. आजच्या विमानांना पुढे नाकाखाली चाक असतं, याला शेपटीखाली. त्यामुळे जमिनीवर असताना ते नाक वर करून, मागे टेकून बसलेलं दिसतं. दारातून आत शिरलं की पुढच्या खुर्चीपर्यंत चढणच चढावी लागते. अंगावर रिवेटच्या ओळीच्या ओळी, जुन्या लोखंडी ट्रंकेवर असाव्यात तशा.

भाडेकरूनं घर सोडताना घातलेली अट

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर कारखान्यात रात्रंदिवस पाळ्या चालू झाल्या. हजारो माणसं कामाला होती आणि त्यात स्त्रियांची संख्या मोठी होती. जपानी बाँबर येतील या भीतीनं सगळा कारखानाच झाकून टाकला गेला. एक वास्तुविशारद, एक बागरचनाकार आणि हॉलिवूडचे सेट उभारणारे कारागीर यांनी मिळून कारखान्यावर खांब रोवले, त्यांवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी ताणली आणि जाळीवर लाकडी खोटी घरं, खोटी झाडं, खोटे रस्ते उभे केले. सर्वांत उंच हँगर टेकडीवरच्या वस्तीसारखा दिसावा अशी सोय होती. वरून बघणाऱ्याला शेजारची सनसेट पार्क ही वसाहत आणि कारखाना यांत फरक कळायचा नाही. आपल्याच वैमानिकांना धावपट्टी सापडायची पंचाईत व्हायची.

या काळात दोन गोष्टी घडल्या आणि आजचं सगळं भांडण त्या दोहोंतून निघालेलं आहे.

पहिली म्हणजे कामगार आले, त्यांना घरं लागली आणि विमानतळाला लागून छोट्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. डग्लसच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस सुरू व्हायचा त्यांची ही घरं.

दुसरी कागदावरची. १९४१ मध्ये केंद्र सरकारनं विमानतळ शहराकडून भाड्यानं घेतला आणि तिथे भरपूर खर्च केला. युद्ध संपल्यावर १९४८ मध्ये तो शहराला परत केला. परत करताना एक हस्तांतरणपत्र करून घेतलं, त्यात अट होती की ही जागा विमानतळ म्हणूनच वापरायची. आता बघा: घर तुमचं. भाडेकरूनं त्यात खोल्या वाढवल्या, फरशी बसवली आणि जाताना लिहून घेतलं की तुम्ही इथे कायम हाच व्यवसाय करायचा. शहर म्हणतं, जमीन कधी तुमची नव्हतीच, तर तुम्ही कायमची अट घालाल कशी? केंद्राचं विमान प्रशासन म्हणतं, आम्ही खर्च केला, तुम्ही सही केली, सही केलीत म्हणजे बांधले गेलात. दोन्हीकडे तथ्य आहे, म्हणून तर एवढी वर्षं गेली.

याशिवाय आणखी एक दोर आहे: अनुदान. विमानतळाची दुरुस्ती करायला केंद्र पैसे देतं, त्याबरोबर हमीपत्र घेतं की साधारण २० वर्षं विमानतळ चालू ठेवू आणि कुठल्याही प्रकारच्या विमानाला अन्यायानं अडवणार नाही. सांता मोनिकानं १९९४ मध्ये असं अनुदान घेतलं. शहराच्या हिशेबानं ते २०१४ ला फिटलं. पण २००३ मध्ये त्याच अनुदानात २,४०,००० डॉलरची भर पडली होती. केंद्र म्हणालं, वीस वर्षं तेव्हापासून मोजा, म्हणजे २०२३. अडीच लाखांहून कमी डॉलर, आणि त्यापायी नऊ वर्षांचा तंटा. सरकारी अनुदानाचा कागद सही करण्याआधी शेवटच्या पानापर्यंत का वाचावा, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

धावपट्टी किती लांब हवी?

१९५० च्या दशकात डग्लसला जेट प्रवासी विमान बांधायचं होतं, डीसी-८. जेटला लांब धावपट्टी लागते. का, ते समजून घेऊ, कारण पुढचा तोडगा याच गणितावर बेतलेला आहे.

विमान वर जातं ते पंखांवरून पुरेशा वेगानं हवा वाहिली की. जड विमानाला जास्त वेग लागतो. आणि वेग दुप्पट हवा असेल तर, तोच जोर लावून, धावायचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. सेस्ना-१७२ हे शिकाऊ मुलांचं चार आसनी विमान सुमारे हजार फूट धावून उडतं. जेटचं तसं नाही. शिवाय एक आणखी अट असते. जेट धावत असताना एका ठरावीक वेगाच्या आत इंजिन बिघडलं तर वैमानिकानं ब्रेक लावायचे आणि विमान उरलेल्या पट्टीत थांबलं पाहिजे. त्या वेगाच्या पुढे बिघडलं तर थांबायचं नाही, उरलेल्या इंजिनावर उडायचं. दोन्ही शक्यतांना पुरेल एवढी पट्टी मोकळी हवी. म्हणजे उडायला लागते त्याहून बरीच जास्त.

डग्लसनं लांब पट्टी मागितली. पण आता टोकाला घरं होती. शहरानं नकार दिला. डीसी-८ चं काम लाँग बीचला गेलं आणि ३० मे १९५८ ला ते तिथून उडालं. पुढच्या दोन दशकांत सांता मोनिकाचा कारखाना बंद झाला. ज्या वस्तीनं पट्टी वाढू दिली नाही ती वस्ती मुळात याच कारखान्याच्या कामगारांसाठी वसली होती. हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत चटका लावणारं वाटतं. दोष कोणाचाच नव्हता. विमानं मोठी होत गेली, आणि घरं काही हलत नाहीत.

कारखाना गेला, पट्टी राहिली, आणि तिच्यावर खासगी जेट यायला लागली. लोकांनी आवाजाबद्दल कोर्ट गाठलं. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की रहिवासी या उपद्रवासाठी विमानतळाच्या मालकावर, म्हणजे शहरावर, दावा लावू शकतात. आता शहर पेचात सापडलं. आकाशावर अधिकार केंद्राचा. विमान कुठून, कसं उडेल हे शहरानं ठरवायचं नाही. पण आवाजाची भरपाई मात्र शहरानं द्यायची! यातून अमेरिकन कायद्यानं एक पळवाट मान्य केली: भरपाई मालकाच्या माथी असेल तर मालकाला आवाजावर वाजवी निर्बंध घालता येतील, फक्त ते भेदभाव करणारे नसावेत.

शहरानं रात्रीच्या उड्डाणांवर बंदी, आवाजाची मर्यादा, सुटीच्या दिवशी ‘टच अँड गो’ला मनाई आणि सरसकट जेटबंदी असे नियम केले. ‘टच अँड गो’ म्हणजे शिकाऊ वैमानिक उतरतो, चाकं टेकली की न थांबता पुन्हा उडतो, वळसा घालून परत उतरतो. त्याच घरांवरून तासाभरात आठ-दहा वेळा. १९७९ मध्ये केंद्रीय न्यायालयानं बाकीचे नियम राखले आणि जेटबंदी रद्द केली. कारण पटण्यासारखं आहे: काही जेट पंख्याच्या विमानांहून शांत असतात. आवाज नको असेल तर आवाज मोजा, इंजिनाची जात बघू नका. आजही इथे रात्री ११ ते सकाळी ७, शनिवार-रविवारी ८ पर्यंत, उड्डाण करता येत नाही आणि आवाजाला ९५ डेसिबलची मर्यादा आहे.

१९८४ मध्ये शहर आणि केंद्र यांच्यात करार झाला, २०१५ पर्यंत विमानतळ चालवायचा. २००८ मध्ये शहरानं वेगात उतरणाऱ्या मोठ्या जेटना बंदी घालून पाहिली. मुद्दा सुरक्षेचा होता, पट्टी संपते तिथे जादा मोकळी जागा नाही. तेही २०११ मध्ये न्यायालयात टिकलं नाही. २९ सप्टेंबर २०१३ ला उतरलेलं एक छोटं जेट पट्टीवरून भरकटून हँगरवर आदळलं आणि आतले चौघे जळून गेले. २०१४ मध्ये मतदारांनी कौल दिला की विमानतळ बंद झाला तर त्या जागी बाग, मोकळी जागा आणि खेळाचीच सोय करायची; दुसरं काही बांधायचं तर पुन्हा लोकांना विचारायचं.

शेवटी २८ जानेवारी २०१७ ला तडजोड जाहीर झाली. नगर परिषदेत ती ४ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाली. केंद्रानं मान्य केलं की २०२८ संपल्यावर शहर विमानतळ बंद करू शकेल. शहरानं मान्य केलं की तोवर तो नीट चालवू. आणि लगेच करायची गोष्ट एकच: धावपट्टी ४,९७३ फुटांवरून ३,५०० फुटांवर आणायची. वर्षअखेरीस ते झालं. कोणत्याही विमानावर बंदी न घालता मोठी जेट येईनाशी झाली, कारण त्यांना थांबायला पट्टीच उरली नाही. सेस्नाला मात्र काही फरक पडला नाही. एवढ्या कज्ज्यांतून जे साधलं नाही ते दीड हजार फूट डांबर कमी करून साधलं.

बंद करावा का?

माझं मत सांगतो. डाकोटावर जीव असूनही, बंद करायचा हक्क शहराचा आहे असं मी मानतो. १९२६ मध्ये लोकांनी मत देऊन आणलं, २०१४ मध्ये लोकांनीच मत दिलं. आणि एक मुद्दा असा आहे जो मला जुन्या विमानांच्या प्रेमापेक्षा वजनदार वाटतो: शिसं. छोट्या विमानांची पिस्टन इंजिनं चालतात त्या पेट्रोलमध्ये अजून शिसं घालतात, कारण जास्त दाबाच्या इंजिनात पेट्रोल वेळेआधी भडकू नये म्हणून ते लागतं. मोटारींच्या पेट्रोलमधून ते अमेरिकेत १९९६ मध्ये आणि आपल्याकडे २००० मध्ये हद्दपार झालं. कॅलिफोर्नियानं २०३१ पासून विमानांच्या शिसेयुक्त पेट्रोलच्या विक्रीवर बंदी आणणारा कायदा केला आहे. पण तोवर ज्यांच्या छपरावरून विमानं चढतात त्या घरांतल्या मुलांचं काय? लहान मुलांच्या मेंदूला शिशाचं कोणतंच प्रमाण सुरक्षित मानलं जात नाही.

दुसऱ्या बाजूचंही ऐकायला हवं. विमानतळ बंद झाला म्हणून विमान शिकणारी मुलं शिकायची थांबणार नाहीत. ती आसपासच्या विमानतळांवर, हॉथॉर्नला जातील, व्हॅन नाइजला जातील, आणि तिथल्या घरांवरून वळसे घालतील. आवाज नाहीसा होत नाही, पत्ता बदलतो. अशा छोट्या विमानतळांवर पहिलं उड्डाण करूनच पुढे बहुतेक वैमानिक मोठ्या विमानांत बसतात. जे. आर. डी. टाटांना १९२९ मध्ये भारतातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला तो मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकूनच.

बंद करायच्याही रीती असतात. शिकागोच्या महापौरांनी ३० मार्च २००३ च्या रात्री सरोवराकाठच्या मिग्ज फील्ड या विमानतळावर बुलडोझर पाठवले आणि धावपट्टीवर मोठमोठे फुल्यांचे चर खणले. सकाळी तिथे उभी असलेली विमानं अडकून पडली. शहराला नंतर दंड भरावा लागला, केंद्राचा पैसा परत करावा लागला. बर्लिनच्या टेम्पलहोफचं उलट. २००८ मध्ये विमानतळ बंद झाला आणि २०१० मध्ये तिथली फाटकं लोकांसाठी उघडली. धावपट्ट्या तशाच ठेवल्या. आज त्यांवर माणसं सायकल चालवतात, पतंग उडवतात. २०१४ मध्ये तिथे इमारती बांधायचा प्रस्ताव बर्लिनच्या मतदारांनी फेटाळला.

सांता मोनिकानं बर्लिनचा कित्ता गिरवावा असं मला मनापासून वाटतं. बागेत झाडं लावा, मैदानं करा, पण पट्टीचा एक तुकडा तसाच राहू द्या, आणि त्यावरचा ‘२१’ हा आकडाही. धावपट्टीचा आकडा म्हणजे तिची होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य काढून. २१ म्हणजे २१० अंश, नैऋत्येकडे, समुद्राच्या बाजूला. विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उडतं आणि इथे वारा बहुतेक समुद्राकडून येतो, म्हणून विमानं बहुधा त्याच दिशेनं सुटतात. कुणी पोर सायकलवरून त्या आकड्यापाशी थांबलं आणि ‘हे २१ कशाला लिहिलंय?’ असं विचारलं, तर सांगायला डीसी-१ च्या उलट्या तरंग्यांपासून सोनेगावच्या टपालाच्या थैल्यांपर्यंत बरंच काही आहे.